गोंगाट

गेल्या वर्षी वाघबारशीच्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर एक मैफल झाली. मैफल म्हटल्याबरोबर वाचकांनी तंबोरे, गालिचे आणि अत्तराचा वास मनात आणू नये. कलावंत परदेशातला होता, बैठक मोबाइलच्या चार बोटे रुंद काचेत होती, आणि गायनवादन म्हणाल तर ते मुळीच नव्हते. सारी मौज त्यातच होती.

माझा भाचा वापीच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. दिवाळीला झरीला येतो तेव्हा मिठाईच्या पुड्याबरोबर तो काही तरी नवलही घेऊन येतो. "मामा, तुम्ही कादंबऱ्या लिहिता ना? मग हे ऐका," असे म्हणून त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. काचेत एक दिवाणखाना दिसला. काळ्या कोटातले एक गृहस्थ आले, पियानोपुढे बसले, त्यांनी पियानोचे झाकण लावले आणि ते घड्याळाकडे पाहत स्वस्थ बसून राहिले.

मिनिटभराने माझ्या आत्याला राहवेना. ती ऐंशीच्या घरातली. "अरे, हा वाजवणार तरी कधी?"

"वाजवतोयच ना, आजी!" भाचा म्हणाला, आणि ओटाभर हशा उसळला. सौ. चिवड्याची कढई तशीच टाकून दारात आली आणि तीही हसू लागली. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. मास्तराचे हसणे असेच असते. चार भिंतींत मावेल एवढे हसायची त्याला सवयच नसते.

त्याच वेळी शेजारचे वारली बाबा पानाच्या द्रोणात उकडलेले करांदे घेऊन आले. सणाला आमच्याकडून फराळ जातो, त्यांच्याकडून करांदे येतात. बाबा तारपा वाजवतात. आमच्या हसण्याचे कारण त्यांनी विचारले, भाच्याने सांगितले. ते हसले नाहीत. ओट्याच्या कडेला टेकून म्हणाले, "मला लावा परत."

आता म्हाताऱ्या माणसाने ऐकायचे म्हटल्यावर आम्हांला गप्प बसणे भाग होते. साडेचार मिनिटे हा काळ किती लांब असतो ते मला त्या दिवशी कळले. कढईतले तेल निवत होते, त्याचा बारीक तडतडाट. आत्याचा दम्याचा श्वास. लांब कुठे तरी गाडीचा कर्णा. आणि कुंपणापलीकडच्या भाताच्या खाचरातले असंख्य रातकिडे. संपल्यावर बाबा म्हणाले, "रातकिडे चांगले वाजले." आणि थोडे थांबून, अगदी भाबडेपणाने, त्यांनी विचारले, "पण गुरुजी, याच्यावर नाचतं कोण?"

पुन्हा हशा झाला. मी मात्र त्या हशात पुरता सामील झालो नाही. त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही, आणि त्या जागरणातून हा लेख निघाला आहे.

भाच्याने दाखवले ते खूळ काल-परवाचे नव्हे. जॉन केज नावाच्या अमेरिकन संगीतकाराची ती रचना. २९ ऑगस्ट १९५२ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉक गावाजवळ, मागची बाजू रानाकडे उघडी असलेल्या एका लाकडी सभागृहात, डेव्हिड ट्यूडर या वादकाने ती प्रथम सादर केली. रचनेचे तीन भाग, मिळून चार मिनिटे तेहतीस सेकंद. भाग सुरू झाला की झाकण लावायचे, संपला की उघडायचे. पुढे केज सांगत असे की पहिल्या भागात बाहेरचा वारा ऐकू येत होता, दुसऱ्यात छपरावर पावसाचे थेंब पडू लागले, आणि तिसऱ्यात खुद्द श्रोतेच कुजबुजू लागले, काही तर उठून चालते झाले. त्याच्या मते संगीत तेच होते. शांतता अशी कुठे नसतेच, ही त्याची खात्री होती. आदल्या वर्षी हार्वर्ड विद्यापीठातल्या आवाज गिळून टाकणाऱ्या एका बंद खोलीत तो जाऊन बसला होता, आणि तिथेही त्याला दोन सूर ऐकू आले होते, एक उंच आणि एक खालचा. खालचा सूर तुझ्याच रक्ताभिसरणाचा, असे त्याला तिथल्या तज्ज्ञाने सांगितले.

मौज अशी की या अमेरिकन खुळाचा एक धागा आमच्या झरीपासून फार दूर जात नाही. अहमदाबादच्या साराभाई घराण्यातल्या गीता साराभाई १९४६ साली न्यूयॉर्कला गेल्या होत्या. पाश्चात्त्य संगीताचा आपल्या संगीतावर काय परिणाम होतो आहे याची त्यांना काळजी होती, आणि ज्याची काळजी वाटते ते आधी समजून घ्यावे, एवढा समंजसपणाही होता. त्या केजकडे शिकल्या आणि मोबदल्यात त्यांनी त्याला हिंदुस्थानी संगीत शिकवले. संगीत कशासाठी, या केजच्या प्रश्नावर त्यांनी आपल्या गुरूंचे म्हणणे सांगितले: मन शांत व्हावे आणि दैवी प्रभावाला ते मोकळे व्हावे, यासाठी. हे उत्तर केजने जन्मभर जवळ बाळगले. पुढे १९६९ साली त्याच डेव्हिड ट्यूडरने अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत विजेवर सूर निर्माण करणारे यंत्र बसवून दिले, आणि गीताबाईंसह काही भारतीय मंडळींनी त्यावर चमत्कारिक आवाजांचे प्रयोग केले. त्या ध्वनिफिती पुढे कित्येक वर्षे कपाटात पडून होत्या. त्यांतल्या निवडक रचना २०२३ साली प्रकाशित झाल्या.

केज एकटा नव्हता. एरिक साती या फ्रेंच रचनाकाराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक पानभर रचना लिहिली आणि ती आठशे चाळीस वेळा वाजवण्याविषयी वर टीप लिहून ठेवली. १९६३ साली न्यूयॉर्कात केजने ती खरोखरच तशी वाजवून घेतली. वादक आळीपाळीने बसत होते, अठरा तासांहून अधिक वेळ लागला, आणि श्रोता जितका जास्त बसेल तितके त्याच्या तिकिटाचे पैसे परत मिळत होते! त्याच वर्षी हॉलंडमध्ये लिगेटी या संगीतकाराने ताल मोजणारी शंभर लोलकयंत्रे एकदम सुरू करून दिली. चावी उतरेल तसे एकेक यंत्र थांबत गेले आणि शेवटी एकच उरले, टिक् टिक् करीत. १९९५ साली ॲमस्टरडॅमला श्टॉकहाउझेनने चार वादकांना चार हेलिकॉप्टरांत बसवून आकाशात वाजवायला लावले.

आणि या सगळ्यांवर ताण म्हणजे जर्मनीतल्या हाल्बरश्टाट गावच्या एका जुन्या चर्चमधले वादन. केजचीच ही रचना, 'शक्य तितक्या सावकाश' वाजवण्याची. ती सावकाश म्हणजे किती, तर सहाशे एकोणचाळीस वर्षे! त्या गावात १३६१ साली एक प्रसिद्ध ऑर्गन बसवला गेला होता. तिथपासून २००० सालापर्यंतचा काळ मोजून तो पुढे धरला. वादन ५ सप्टेंबर २००१ रोजी सुरू झाले, आणि पहिले सतरा महिने त्यात नुसता विराम होता. पहिला सूर उमटला तो २००३ च्या फेब्रुवारीत. पट्ट्या वजनाने दाबून ठेवल्या आहेत, भाता यंत्रावर चालतो, आणि काही वर्षांनी सूर बदलायचा असला की लांबलांबून लोक गोळा होतात. ५ फेब्रुवारी २०२४ रोजी असा एक बदल झाला. शेवट व्हायचा आहे २६४० साली.

बाबांना मी हेही सांगितले. ते विचारात पडले. "मग दम कोण धरतो?" त्यांनी विचारले. भाता यंत्राचा आहे, हे ऐकून ते "हां" एवढेच म्हणाले. पण त्या "हां"मध्ये एका वादकाने दुसऱ्या वादकाविषयी दिलेला अभिप्राय होता.

आता मुख्य प्रश्न. असले काही कानांवर पडले की आपण दोनपैकी एक गोष्ट करतो. ओट्यावर असलो तर हसतो, शहरातल्या सभागृहात असलो तर मान डोलावतो. हसणारा म्हणतो, हे संगीतच नव्हे. मान डोलावणारा मनात तेच म्हणत असतो, पण शेजारचा आपल्याला गावंढळ म्हणेल म्हणून भितो. दोघांमध्ये मला पूर्वी हसणारा बरा वाटे, निदान तो खरे बोलतो म्हणून. पण आता वाटते की दोघांचे पाप एकच आहे. दोघांनीही ऐकलेले नसते. एकाने न ऐकता निकाल दिलेला असतो आणि दुसऱ्याने न ऐकता पावती. बाबांनी मात्र आधी शेवटपर्यंत ऐकले, चांगले होते त्याला चांगले म्हटले, आणि मग जो प्रश्न खरोखर पडला तो विचारला. "नाचतं कोण?" या प्रश्नाचे उत्तर केजकडे होते की नाही मला ठाऊक नाही, पण तो प्रश्न विचारण्याचा हक्क बाबांनी साडेचार मिनिटे मोजून मिळवला होता.

कोणी म्हणेल, गुरुजी, प्रत्येक विक्षिप्ताला वेळ देत बसायचे म्हटले तर आयुष्य पुरेल का? पुरणार नाही. न ऐकण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. न ऐकता निकाल देण्याचा नाही, एवढेच माझे म्हणणे. आणि ऐकूनही न आवडण्याचा हक्क तर आहेच आहे. हेलिकॉप्टरांतले वादन मी भाच्याच्या मोबाइलवर ऐकले. मला त्यात हेलिकॉप्टरेच फार ऐकू आली. तसे मी खुशाल सांगतो.

हे सारे परदेशी चाळे म्हणून झटकून टाकणेही सोपे नाही. १९३७ साली प्रभातच्या 'कुंकू' चित्रपटात व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीताचा वाद्यमेळ अजिबात वगळला आणि प्रसंगात जे आवाज खरोखर होतील तेवढेच ठेवले. संगीतकार होते केशवराव भोळे. केजच्या त्या झाकण लावलेल्या पियानोआधी पंधरा वर्षे, आपल्या मराठी प्रेक्षकांनी घरातले साधे आवाज नाट्य म्हणून ऐकले होते.

पण एवढेच सांगायचे असते तर मी हा लेख लिहिला नसता. आमच्या हसण्याने केजचे काय बिघडले? तो १९९२ सालीच वारला, आणि जिवंत असता तरी आमचे हसणेही त्याने संगीतात जमा केले असते. त्या रात्री मला झोप लागली नाही ती त्याच्यासाठी नव्हे. मला माझे वीसेक वर्षांपूर्वीचे एक वाक्य आठवत होते.

दहावी पास एवढ्या शिदोरीवर मी वस्तीशाळेत लागलो तेव्हाची ही गोष्ट. शाळा एका पाड्यावर, कुडाची. एकदा तपासणीला साहेब येणार होते. मी आठवडाभर मुलांकडून भिंतीवर वारली चित्र काढून घेतले होते. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, मध्ये तारपावाला आणि त्याच्याभोवती वळत वळत गेलेली नाचणाऱ्यांची रांग. डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्यामुळे ही चित्रे जगभर गेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते वारले. तोच नमुना आम्ही जमेल तसा उतरवला होता. मी लांब उभा राहून चित्र न्याहाळत होतो, आणि एवढ्यात ओट्यावरून एक घोगरा, लांबलचक, न तुटणारा आवाज सुरू झाला. चौथीतल्या एका मुलाने आजोबांचा तारपा आणला होता. साहेबांना वाजवून दाखवावा, असे त्याच्या मनात होते.

मी ओरडलो, "बंद कर तो गोंगाट! ही शाळा आहे, रान नव्हे!"

मुले हसली. मास्तर ज्याला हसतो त्याला वर्ग हसतोच. त्याने तारपा खाली ठेवला. साहेब आले, भिंतीवरचे चित्र पाहून खूष झाले. भिंतीवर तारपा नाचत होता, ओट्यावरचा मी गप्प केला होता, आणि यातली विसंगती मला त्या दिवशी दिसलीदेखील नाही. आज शहरांतल्या पडद्यांवर, कुडत्यांवर, कपबश्यांवर तो तारपावाला पाहतो तेव्हा वाटते, त्याचे चित्र सगळ्यांनी घरी नेले, आवाज मात्र कुणी नेला नाही. मुक्या तारपाला मागणी फार आहे.

ज्यांनी तारपा ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दुधी भोपळ्याचा फुगीर भाग, त्याला बांबूच्या दोन नळ्या, आत बांबूच्याच जिभल्या, आणि शेवटी ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला लांब कर्णा. सांधे मेणाने बुजवलेले. भात तयार होऊ लागले की तारपे निघतात. वाजवणारा मध्ये, नाचणारे एकमेकांच्या कमरेत हात घालून त्याच्याभोवती. तो वळेल तशी रांग वळते, त्याने चाल बदलली की पाय बदलतात. आणि मुख्य म्हणजे सूर तुटू द्यायचा नाही. गालांत हवा धरून ती सोडत असतानाच नाकाने नवा श्वास घ्यायचा. रात्र रात्र हे चालते. हाल्बरश्टाटच्या यंत्राला जे लागते ते इथे एका माणसाच्या गालांत असते. परक्या कानाला त्यात एकच एक घरघर ऐकू येते, तशी ती मला ऐकू आली. ज्यांचे पाय त्यावर पडतात त्यांना त्यात पन्नास गोष्टी कळतात. ही कला लहानपणीच गालांत बसावी लागते.

तो मुलगा पुढे मोठा झाला, खलाशी म्हणून मच्छीमार बोटींवर जाऊ लागला, आणि लग्नानंतर इथे झरीत बायकोच्या घरी राहायला आला. पाच-सहा वर्षांपूर्वी मी एकदा त्याच्या घरी गेलो. आढ्याला आजोबांचा तारपा टांगलेला होता, भोपळ्याला तडा गेलेला. "वाजवतोस की नाही?" मी सहज विचारले. तो म्हणाला, "नाही गुरुजी. शाळेत नको म्हणालात, मग घरी पण सुटला. आजा गेला, मग शिकवायला कोण?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता. पाऊस पडला नाही हे सांगावे तसे त्याने सांगितले. राग असता तर मला उत्तर देता आले असते.

माझ्या एका वाक्याने सारे बुडाले असे म्हणण्याचा अहंकार मी करणार नाही. बोटी होत्या, पोट होते, लग्नांतले कर्णे होते. पण त्या कारणांत माझे वाक्य आहे, आणि ते मला परत घेता येत नाही. मोठ्यांनी लहानाला म्हटलेला 'गोंगाट' आणि ओट्यावरून केजला म्हटलेला 'गोंगाट' हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्याच्या पाठीशी छडी असते.

आमच्या गावाला हे कळायला हवे होते, सर्वांत आधी मला. याच झरीत २३ मे १९४५ रोजी किसान सभेची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या शब्दावर हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही असे त्यांनी ठरवले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड आणि त्यांचे सोबती मारले गेले. ज्याचे म्हणणे ऐकायचे नसते त्याच्या आवाजाला आधी आरडाओरडा म्हणावे लागते. ते एकदा म्हटले की पुढचे सगळे सोपे जाते. माझे वाक्य त्याच जातीचे होते, आकाराने फक्त लहान.

मग गोंगाट नावाची गोष्ट जगात नाहीच का? आहे. मध्यरात्री छाती दणाणून सोडणारे कर्णे गोंगाटच आहेत. पण का? ते कर्कश आहेत म्हणून नव्हे, अनोळखी आहेत म्हणून तर नव्हेच. ते चालू असेपर्यंत दुसऱ्या कुणाचे काही ऐकू येत नाही म्हणून. जो आवाज बाकीच्यांना ऐकू येऊ देत नाही तो गोंगाट, एवढी व्याख्या मला पुरते. केजचा स्वस्थ बसलेला वादक या व्याख्येत बसत नाही. त्याने तर रातकिड्यांनाही जागा दिली. तारपाही बसत नाही, कारण त्याच्याभोवती माणसे एकमेकांचे पाय ऐकत नाचतात. त्या दिवशी शाळेच्या ओट्यावर गोंगाट एकच झाला होता, आणि तो माझ्या गळ्यातून निघाला होता.

त्या खलाशाचा मुलगा आज माझ्या वर्गात आहे. यंदा भात निसवू लागले तेव्हा मी त्याच्या बापाकडून तारपा मागून घेतला. बाबांनी तडा मेणाने बुजवला, ताडाची ताजी पाने गुंडाळून नवा कर्णा केला, आणि गेल्या महिन्यात एका शनिवारी शाळा सुटल्यावर पोर ओट्यावर बसून फुंकू लागले. गाल फुगेनात, दम टिकेना. मध्येच म्हशीच्या रेडकासारखा एक हंबरडा निघाला आणि मुले हसली. बाबांनी त्यांना हाताने गप्प केले. "फुंक," ते म्हणाले.

मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो. त्याचा दम संपेपर्यंत ऐकले. मग त्याने वर पाहून विचारले, "गुरुजी, परत वाजवू?"

"वाजव," मी म्हणालो.